शेजाऱ्यांच्या अवयवांची उजळणी

आमच्या सुनेला प्लीहा पोटाच्या कोणत्या बाजूला असते ते आठवत नव्हतं, आणि त्यात माझा काय दोष होता हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तरी पुढे जे घडलं त्याला आमच्या इमारतीत अजूनही 'बाईंचा उद्योग' असंच म्हणतात. बाई म्हणजे मी. मुलींच्या शाळेत आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन जमाना झाला, पण भाजीवाल्यापासून इमारतीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची मी बाईच. एकदा बाई झालं की सुटका नसते. रस्त्यात दोन माणसं भांडत असली तर मला पाहून आवाज खाली आणतात, आणि मी कोपऱ्यावर वळले की पुन्हा वर नेतात.

तर सून. ती दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची. आलेल्याला नंबर द्यायचा, सुजलेल्या गालाला खुर्ची द्यायची, आतून ओरडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांना उगाच हवापाण्याचं काहीतरी विचारायचं, असं तिचं काम. ती ते वर्षानुवर्षं गुपचूप करत होती. एक दिवस जेवताना, भात वाढता वाढता, तिने सांगितलं की तिने नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता आणि यादीत तिचं नाव लागलंय. आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. मुलगा फिरतीच्या नोकरीवर असतो, त्याला तातडीने फोन लावला, तर त्याला आधीपासून माहीत होतं. नात बाहेरगावी शिकते, तिलाही माहीत होतं. म्हणजे बातमी फक्त आम्हा दोघांसाठीच ताजी होती. मी फार मनाला लावून घेतलं नाही. फक्त दोन दिवस कमी बोलले.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा ही विज्ञानाची पदवी घेऊन आली होती. पुस्तकांचं खोकं माळ्यावर गेलं, आणि पुढे त्या खोक्यावर पाहुण्यांच्या गाद्या चढल्या. त्या गाद्यांसकट आता ती खाली उतरायला निघाली होती.

पण एक अट होती. ज्यांचं शिक्षण मध्येच थांबलेलं, अशा वयाने मोठ्या उमेदवारांनी शाळा सुरू होण्याआधी तोंडी परीक्षा द्यायची. शरीराची रचना आणि शरीराचं काम, एवढाच विषय. नापास झालं तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि सुनेचं वय असं काठावर होतं की पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा करता आला नसता. थोडक्यात, ही एकच खेप.

परीक्षेआधी आणखी एक खिंड होती ती कारकुनाच्या टेबलाची. शिक्षणात खंड पडलेल्यांनी खंडाचा दाखला आणायचा. मी सोबत गेले होते. कारकुनाने विचारलं, मधल्या वर्षांत काय केलं? सून म्हणाली, संसार केला, मुलगी वाढवली, दवाखान्यात नोकरी केली. त्याने पेन खाली ठेवलं. नोकरी धरली तर खंड उरत नाही, आणि खंड नसेल तर खंडाचा दाखला कशाचा देणार, असं त्याने आम्हाला समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला त्या वर्षांत काहीही घडलेलं चालत नव्हतं. शेवटी 'मधल्या काळात काहीही केले नाही' असं लिहून द्यायचं ठरलं, आणि खाली एका प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी होती. प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून मीच उभी होते. सुनेने इतकी वर्षं घरात काहीही केलं नाही असं सांगणाऱ्या सासवा पुष्कळ झाल्या असतील. पण कार्यालयाने मागितलं म्हणून, नाइलाजाने, सही करून सांगितलेली मी पहिलीच.

बाहेर आल्यावर सून हसत होती. मी मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं की तुझा अभ्यास मी घेणार. घरात माझ्यासारखी बाई असताना तू बाहेर कोणाचं तोंड बघायचं कारण नाही. ती म्हणाली, 'आई, मी पुस्तक आणलंय.' मी म्हटलं, पुस्तक काय, आणलेलं असतं.

मला माझी प्रयोगशाळा आठवली. खिडकीशी टांगलेला तो गुंडाळीचा तक्ता, त्यावर अर्ध्या अंगाला कातडी असलेला आणि अर्ध्या अंगाला नसलेला माणूस. मुली त्याला 'मामा' म्हणत. मामा कुठेतरी लांब बघत शांत उभा असायचा, आपली आतडी सगळ्या वर्गाला दिसतायत याचं त्याला काही नसायचं. मी छडी यकृतावर ठेवली की चाळीस मुली एका सुरात 'यकृत' म्हणायच्या. त्या आवाजाने पलीकडच्या खोलीतला भूगोल बंद पडायचा. आता घरोघरी डॉक्टर झालेल्या माझ्या मुली भेटतात, तेव्हा त्या वाकून नमस्कार करतात आणि मी विचारते, स्वादुपिंड कुठे? बहुतेकींना येतं.

पहिल्या दिवशी मी जिभेपासून सुरुवात केली. सोपा विषय, शिवाय माझा हातखंडा. फळ्यावर जीभ काढायची, शेंड्याला गोड, कडेला खारट आणि आंबट, मागे कडू, चार रंगांचे चार पट्टे. जिभेचा हा नकाशा मी इतक्या वर्गांना शिकवलाय की जगाच्या पाठीवर कुठेही दोन बायका कडू औषध जिभेच्या शेंड्यावर ठेवून गिळताना दिसल्या, तर त्या माझ्या विद्यार्थिनी समजाव्या.

सून थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने ते जाडजूड रंगीत पुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं. त्यात लिहिलं होतं की असा काही नकाशा नसतो. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. ही जुनी चुकीची समजूत आहे.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

मी शांत होते. विज्ञानात प्रयोगाला किंमत असते, एवढंच म्हणून मी ह्यांना हाक मारली. हे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. त्यांना खुर्चीत बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली, आणि तापाच्या कडू गोळीचा चुरा बरोबर शेंड्यावर ठेवला. माझ्या नकाशाप्रमाणे तिथे कडू लागायला नको. ह्यांचं तोंड वाकडं झालं. हे म्हणाले, कडू. मी म्हटलं, नीट लक्ष देऊन सांगा. हे पुन्हा म्हणाले, कडू. मी विचारलं, मागे कुठे कळतंय का? हे म्हणाले, मागे, पुढे आणि कानातसुद्धा. मी त्यांना सांगितलं की तुमच्या जिभेचं वय झालंय. मग मी स्वतः चुरा ठेवून पाहिला. निकाल मी जाहीर केला नाही. सून खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

त्या दिवशी जेवण मला सगळ्या जिभेवर बेचव लागलं.

पण हार मानणं हे माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जाण्याच्या बेतात असताना मला सुचलं. पुस्तकं बदलतात, तक्ते बदलतात. माणूस काही बदलत नाही. यकृत जिथे होतं तिथेच आहे. मग कागदावर कशाला शिकायचं? आमची इमारत निवृत्त माणसांनी गच्च भरलेली. प्रत्येकाचा कोणता ना कोणता अवयव वर्तमानपत्रात येण्याइतका बिघडलेला. इतकं जिवंत साहित्य दाराशी असताना मी तक्त्यातल्या मामाच्या आठवणी काढत बसले होते.

पहिल्या आल्या शिवणवाल्या वहिनी. त्या वरच्या मजल्यावर कपडे शिवतात आणि त्यांचं पित्ताशय काढलंय. मी फक्त एवढंच विचारलं होतं की पित्ताशयाची जागा सुनेला दाखवाल का. वहिनी टेप गळ्यात तशीच घेऊन खाली आल्या आणि त्यांनी पित्ताशयापासून नव्हे, तर ज्या लग्नात त्यांनी ते तेलकट जेवण खाल्लं त्या लग्नापासून सुरुवात केली. नवरी मुलीच्या आत्याचा स्वभाव, वाढपी, मग रात्रीची कळ, मग रिक्षा, मग दवाखाना. पित्ताशय यायला दोन कप चहा गेला. पण आल्यावर मात्र वहिनींनी टेपने मोजून सांगितलं, शेवटच्या बरगडीखाली, उजवीकडे, इथे. सुनेने लिहून घेतलं. मला धन्य वाटलं.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागत नाही. वहिनींनी ती खाली उतरताना टाकली आणि आमच्याकडे यायला रांग लागली. दुसरे आले पोस्टमास्तर. निवृत्त, हळू बोलणारे, मुतखड्यांनी बेजार होऊन उठलेला माणूस. एकदा दोन्हीकडून अडलं होतं आणि जीव वाचला एवढंच. ते आपला खडा एका लहान डबीत कापसावर ठेवून घेऊन आले आणि डबी टेबलावर ठेवताना जरासे लाजले. तिसरे आले खजिनदार. इमारतीच्या कमिटीचे खजिनदार, हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेले. ते आले आणि खोलीचं वजनच बदललं.

तोवर मला माहीत नव्हतं की आजारांनाही पदं असतात. खजिनदार बसायला आले की पोस्टमास्तर आपणहून खिडकीजवळची चांगली खुर्ची सोडत. हृदय बोलत असताना मूत्रपिंडाने मध्ये बोलायचं नाही. पित्ताशयाला तर खजिनदार जमेतच धरत नसत. जे काढून टाकलं तरी माणूस शिवणकाम करतो, ते काय अवयव म्हणायचं, असं ते एकदा वहिनींच्या तोंडावर म्हणाले. वहिनींनी पुढच्या वेळी त्यांच्या शर्टाच्या बाह्या एक बोट आखूड शिवल्या.

मी दारावर वेळापत्रक लावलं. सोमवारी हृदय, मंगळवारी मूत्रपिंड, बुधवारी पचनसंस्था, असं. ज्याचा वार नसेल त्याने यायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. सगळे सगळ्या वारी आले. म्हणाले, उजळणी म्हणून. सून दवाखान्यातून सात वाजता यायची, चप्पल काढायच्या आत तिच्या हातात कोणीतरी कोणाचा तरी रिपोर्ट द्यायचं. मग तिनेच चहा टाकायचा, कारण शिकणाऱ्याने शिकवणाऱ्यांना चहा द्यायचा असतो, असं मी सुरुवातीलाच म्हणून बसले होते.

यात एक माणूस दुखावला गेला. चेअरमन. त्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. वय खजिनदारांइतकंच, पण सकाळी तरातरा फिरून येतात, दात स्वतःचे, चष्मा फक्त वाचायला. एरवी त्याचा त्यांना केवढा ताठा. पण आता सगळी इमारत संध्याकाळी आमच्याकडे, आणि ते एकटेच खाली बाकावर. चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी दारावर, माझ्या वेळापत्रकाच्या शेजारीच, कमिटीची नोटीस लागली. निवासी जागेत शिकवणीवर्ग चालवल्याचं निदर्शनास आलं आहे, जिन्यात चपलांमुळे अडथळा होतो, तरी खुलासा करावा.

मी खुलासा केला. लेखी. त्यावर उत्तर आलं की खुलासा विहित नमुन्यात नाही. नमुना मागितला तर तो खजिनदारांकडे असतो, आणि खजिनदार आमच्याच बैठकीत बसलेले. त्यांनी तिथेच मला नमुना दिला, मी तिथेच भरून त्यांना दिला, त्यांनी स्वीकारल्याची सही केली, आणि नंतर कमिटीच्या सभेत त्याच खुलाशाला त्यांनी विरोध केला. म्हणाले, तिथे मी हृदय म्हणून बसतो, इथे खजिनदार म्हणून.

यातून मार्ग काढला तो आमच्या ह्यांनी. ते म्हणाले, चेअरमनना बोलवा, निरोगी नमुना म्हणून. प्रत्येक अभ्यासाला एक धडधाकट माणूस लागतोच. मला ते पटलं. सुनेला तर फारच पटलं. तिचे डोळे चमकले. मी स्वतः खाली जाऊन चेअरमनना सन्मानाने घेऊन आले. मधली खुर्ची दिली. सांगितलं, सगळ्यांनी बघा, माणूस कसा असायला हवा. खजिनदारांनी घरून रक्तदाबाचं यंत्र आणलं, सुनेने पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. पुन्हा फुगवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

रक्तदाब चांगलाच चढलेला होता.

मग पोस्टमास्तरांनी उठून चेअरमनचा हात हातात घेतला. वहिनींनी मीठ बंद करायला सांगितलं. खजिनदारांनी आपल्या डॉक्टरांचा नंबर दिला, तोही थोडा मोठेपणा घेऊन, पण दिला. आणि चेअरमनच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला, की जो मी फक्त बोर्डात आलेल्या मुलींच्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. नोटीस दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. संध्याकाळी ते सगळ्यांच्या आधी हजर होते आणि कधीपासून डोकं जड वाटतंय ते सांगत होते.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सून भांडी विसळत होती. मी कपडा घेऊन पुसत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आई, मी जागा सोडते.'

मला वाटलं, थकवा आहे. मी म्हटलं, इतका अभ्यास झालाय आणि आता?

'अभ्यास कुठे झालाय? या इमारतीत कोणाचं काय बिघडलंय ते मला झोपेत विचारा, सांगेन. पण जे चालतंय ते कसं चालतं, ते कोणी सांगितलं मला? चालणाऱ्या गोष्टीबद्दल इथे कोणी बोलतच नाही. एक चेअरमन होते, तेही आजाऱ्यांत गेले.' तिने नळ बंद केला. 'पुस्तकाची पहिली चार पानं सोडून मी काही उघडलेलं नाही. परवा परीक्षा नाही, पण येतेच आहे. नापास होऊन जागा जाण्यापेक्षा मीच नको म्हणते. निदान दवाखान्यातली नोकरी तरी राहील.'

ती रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. रडली असती तर मी रागावले असते. माळ्यावरचं खोकं पुन्हा वर जाणार होतं आणि या वेळी त्यावर गाद्या मी घालणार होते. मी हातातला पेला पुसतच राहिले. तो कधीचा कोरडा झाला होता.

आता या मंडळींना घालवायचं कसं? येऊ नका म्हणावं तर वाईटपणा. ज्यांना मी हाताला धरून आणलं, त्यांना दारातून परत कसं लावायचं? शिवाय आजारी माणसाला नको म्हटलं तर त्याचा आजार वाढतो आणि तो त्याचं कारण आपलं नाव सांगतो. मी रात्र विचारात घालवली असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे मला चांगली झोप लागली आणि उत्तर दात घासताना सुचलं.

संध्याकाळी सगळे जमल्यावर मी छडी टेबलावर आपटली. सांगितलं, पोट झालं, हृदय झालं, मूत्रपिंड झालं. उद्यापासून परीक्षेपर्यंत फक्त मेंदू. ज्यांना विसरायला होतं, उगाच संशय येतो, चिडचिड होते, एकच गोष्ट परत परत सांगितली जाते, अशांनी पुढच्या खुर्च्यांवर बसावं. ज्यांना हे होतं पण कळत नाही, त्यांच्या घरच्यांनी त्यांना घेऊन यावं.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात वाजले. जिन्यात चप्पल वाजली नाही. खजिनदारांच्या पत्नीने वरूनच सांगितलं की ते हिशोब करतायत आणि हिशोब एकदम चोख होतोय. पोस्टमास्तरांनी निरोप पाठवला की त्यांना जुने सगळे पत्ते पिनकोडसकट पाठ आहेत. वहिनींकडे अचानक शिवणाची घाई आली. चेअरमन खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून तारीख आणि वार सांगत होते. आमच्याकडे पुढच्या खुर्चीत एकटे हे बसले होते, कारण आज मेंदू आहे हे ते विसरले होते.

मी दार लावून घेतलं. सून पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. मी तिला काही शिकवलं नाही. शिकवावंसं फार वाटलं. रक्ताभिसरण आलं तेव्हा तर माझा हात छडीकडे गेला होता. पण मी स्वयंपाक केला. तिने चहा टाकायला उठायचं नाही, असा नियम मी केला आणि आश्चर्य म्हणजे तो घरात पाळला गेला.

परीक्षेला मी सोबत गेलेच. नर्सिंगच्या शाळेचा रखवालदार मला आत सोडेना. पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं, म्हणाला. मी म्हटलं, मी पालक नाही, सासू आहे. तो म्हणाला, सासूने तर आणखी लांब. त्यामुळे पुढचं मी ऐकीव सांगते आहे, पण सून पदरचं सांगत नाही, हे मला माहीत आहे.

आत जाड चष्म्याच्या मॅडम होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, मूत्रपिंडाचं काम सांगा. सुनेने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून पोस्टमास्तर बाहेर आले. पाठीतून पुढे येणारी कळ, घाम, उलटी, जमिनीवर गडाबडा लोळणं, सगळं ओघात. मॅडमनी हात वर केला. 'मी तुम्हाला आजार विचारला नाही. ज्याला काहीही झालेलं नाही, त्याचं मूत्रपिंड आत्ता काय करतंय ते विचारलं.'

सुनेच्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं पान येत होतं, पण पानावर मधोमध पोस्टमास्तर बसलेले. मग तिला वाटलं, बसलेत तर बसू देत, त्यांनाच उलटं वाचते. दोन्हीकडून अडलं तेव्हा त्यांच्या अंगावर पाणी चढलं होतं. म्हणजे एरवी जादा पाणी हेच बाहेर काढतं. रक्तदाब वाढला होता. म्हणजे तो हेच सांभाळतं. रक्तात घाण साठून ते बरळायला लागले होते. म्हणजे रक्त हेच गाळतं. आणि असं एकेक उलटवत गेल्यावर पान सापडलं.

'मॅडम,' ती म्हणाली, 'तुमचं मूत्रपिंड आत्ता तुमचं रक्त गाळतंय. पाणी किती ठेवायचं, मीठ किती ठेवायचं, ते ठरवतंय. रक्तदाबाकडे बघतंय. आणि ते नीट चाललंय, म्हणूनच तुम्हाला ते असल्याची आठवण नाही.'

मॅडमनी मग झडपा, फुप्फुसं, हाडं, हार्मोन्स असं बरंच विचारलं. ते तिने पुस्तकातून दिलं. शेवटी त्यांनी विचारलं, इतके आजार कुठे पाहिले? ती म्हणाली, घरी.

निकाल दुपारीच लागला. ती फाटकातून बाहेर आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे, रखवालदाराने ठरवून दिलेल्या अंतरावर उभी होते. तिने नुसती होकाराची मान हलवली. मी रस्ता न बघताच ओलांडला. दोन वाहनचालकांनी मला जे म्हटलं, ते बाई म्हणून मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

इमारतीत पोचेपर्यंत बातमी पोचली होती. मेंदू संपल्याचं कळताच सगळे परत आले. अभिनंदन वगैरे एका वाक्यात झालं. खरा प्रश्न होता, परीक्षेत आलं काय. सुनेने प्रामाणिकपणे सांगितलं, मुख्य प्रश्न मूत्रपिंडाचा. पोस्टमास्तर चालत खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीपाशी गेले, आणि बसले. खजिनदार उभेच होते. हृदयावर मोठा प्रश्नच नाही का, असं त्यांनी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. मग म्हणाले की अशा संस्थेचा दर्जा काय असणार, आणि फेरतपासणीचा अर्ज करायचा असेल तर नमुना त्यांच्याकडे आहे. वहिनी म्हणाल्या, माझं तर काढून टाकलेलं, माझ्यावर कोण विचारतंय. तरी त्यांनी सुनेचे गणवेश शिवायला घेतले, आणि त्यांच्या बाह्या बरोबर मापाच्या झाल्या.

शाळा सुरू झाली त्या सकाळी सून नवा गणवेश घालून दाराबाहेर पडली, तर जिना भरलेला. प्रत्येक पायरीवर कोणीतरी. मला वाटलं निरोप द्यायला आलेत. पण खजिनदार म्हणाले, काल रात्रीपासून छातीत जरा चमकतंय. पोस्टमास्तरांची पाठ धरली होती. चेअरमननी चार दिवसांचे आकडे कागदावर मांडून आणले होते. वहिनींना शिवताना बोटांना मुंग्या येत होत्या. सगळे एकदम बोलायला लागले, आपापल्या पायरीवरून. खाली बसची वेळ होत आली होती. पहिला दिवस, त्या शाळेचं फाटक वेळेवर बंद होतं हे मी रखवालदारावरून ओळखून होते.

मी सगळ्यांना वाट द्या म्हणणार, तेवढ्यात सून जिन्याच्या वळणावर थांबली. तिने आवाज चढवला नाही. पण तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता.

'ज्यांना आत्ता, या क्षणी, खरंच दुखतंय,' ती म्हणाली, 'त्यांनी हात वर करा. मी त्यांना आत्ता दवाखान्यात घेऊन जाते. बाकीच्यांना संध्याकाळी सातनंतर.'

कोणी हलेना. मग खजिनदार भिंतीकडे सरकले, पोस्टमास्तर कठड्याकडे, आणि जिन्यात मधोमध एक सरळ वाट मोकळी झाली. ती त्या वाटेने खाली उतरली.

माझा हात, माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी, खांद्यापर्यंत वर गेला होता. तो मी तसाच पुढे नेऊन चष्मा सारखा केला.